ओझे टपावर, घोर मागच्याला

गणेशोत्सव आठ-दहा दिवसांवर आला की मुंबई, ठाणे, पुण्यातल्या सोसायट्यांच्या आवारात एक दृश्य ठरलेले असते. गाडीची डिकी भरून झालेली असते, मागच्या सीटवर आजी आणि नातवंडांची जागा धरलेली असते आणि तरीही मखराचे खोके, दोन बॅगा, गुंडाळलेली गादी आणि किराणा मालाचे पोते खाली उरलेले असते. मग कोणीतरी म्हणते, ‘टाका वर.’ वर म्हणजे कॅरिअरवर. शेजारचा एखादा तरुण टायरवर पाय देऊन चढतो, दोरी या बाजूने त्या बाजूला फेकली जाते, गाठी मारल्या जातात आणि शेवटी सामान हाताने हलवून पाहिले जाते. गाडी डुलते, सामान हलत नाही, म्हणजे बांधणी पक्की, असा निष्कर्ष निघतो. नारळ फुटतो आणि गाडी कोकणच्या वाटेला लागते.

हाताने हलवून पाहण्याची ही चाचणी फसवी आहे. उभ्या गाडीवरच्या सामानाला माणूस फार तर वीस-पंचवीस किलोंचा हिसका देतो. रस्त्यावर वारा, ब्रेक आणि वळण यांचा जोर वेगळाच असतो. गादीचेच उदाहरण घ्यावे. सहा फूट बाय तीन फुटांची फोमची गादी दहा-बारा किलोंची असते. उचलायला हलकी म्हणून ती सर्वांत वर ठेवली जाते आणि वरवर बांधली जाते. ताशी ८० किलोमीटर वेगात समोरून येणारी हवा दर चौरस मीटरला सुमारे ३० किलोंचा रेटा देते. गादीचे पुढचे टोक सैल होऊन ती उभी राहू लागली, की तिच्यावर पन्नास किलोंच्या आसपास जोर येतो. वेग १०० असेल तर तो ऐंशीच्या घरात जातो, कारण हवेचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट. शहरातल्या गर्दीत चाळीसच्या वेगाने निमूट बसून राहिलेली गादी मोकळा महामार्ग लागल्यावर उडते, ती याचमुळे. दोरी तीच, गाठ तीच, फक्त वारा बदललेला असतो.

ब्रेकचे गणित आणखी वेगळे. कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला, तर टपावरचे साठ किलोंचे सामान चाळीसेक किलोंच्या जोराने पुढे सरकू पाहते. घरोघरी दोरी बांधली जाते ती बहुधा आडवी, म्हणजे एका दाराकडून दुसऱ्या दाराकडे. अशी दोरी सामान बाजूला पडू देत नाही, पण पुढे-मागे घसरण्याला तिचा अटकाव फारसा नसतो. आणि प्रत्यक्ष धडक झाली, तर तेच साठ किलो त्या निमिषापुरते टनाच्या घरात जातात. तेथे नायलॉनच्या दोरीचा काही इलाज चालत नाही.

हे सगळे आजच बोलायचे कारण म्हणजे बदललेली गाडी. देशात विकल्या जाणाऱ्या नव्या प्रवासी मोटारींपैकी निम्म्याहून अधिक आता एसयूव्ही आणि तत्सम उंच गाड्या आहेत. त्यांच्या छतावर दोन चकचकीत दांडे असतात. ते पाहून कोणालाही वाटते की हे सामान बांधण्यासाठीच दिले आहेत. अनेक मॉडेलांत ते निव्वळ शोभेचे असतात. छताच्या पत्र्यावर बसवलेले, ओझ्यासाठी न तपासलेले. गाडीच्या माहिती पुस्तिकेत तसे लिहिलेले असते, पण ती पुस्तिका शोरूममधून मिळाल्यापासून ग्लोव्ह बॉक्समधून बाहेर येत नाही. अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात मात्र त्याच दांड्यांवर लोखंडी जाळीचा कॅरिअर अर्ध्या तासात बसवून मिळतो.

जुन्या पिढीची सवय येथे आड येते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीच्या टपावर ट्रंका, वळकट्या, पाळणे, सायकली लादून चाकरमान्यांच्या दोन पिढ्या एसटी स्टँडपर्यंत गेल्या. ऑक्टोबर २०२३ अखेर ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निघून गेली, पण तिच्या कॅरिअरवरचा विश्वास मागे राहिला. त्या गाड्यांच्या छताला दोन्ही बाजूंनी पावसाच्या पाण्यासाठी पत्र्याची पन्हळ असे. कॅरिअरचे पाय त्या जाड कडेवर पकड घेत आणि वजन थेट खांबांवर उतरे. शिवाय टॅक्सीचा वेग तो काय असणार! आजच्या बहुतेक मोटारींना ती पन्हळ नाही. छत आणि बाजू एकमेकांना सपाट जोडलेल्या असतात. कॅरिअरला जागा द्यायची असेल तर कंपनीने त्यासाठी ठरावीक बिंदू ठेवलेले असतात; ते नसतील तर कॅरिअर कोठेही आवळला तरी तो आधाराविना असतो.

टपावर किती वजन चालते, याचे उत्तर ऐकून बरेच जण चमकतात. लहान आणि मध्यम मोटारींना छतावरची मर्यादा साधारण ५० ते ७५ किलो दिलेली असते, काहींना त्याहून कमी, आणि त्यात कॅरिअरचे वजनही धरलेले असते. लोखंडी कॅरिअरच वीस किलोंचा असला आणि त्यावर तांदळाची पंचवीस किलोंची दोन पोती ठेवली, की सत्तर किलो झाले. गाडीची एकूण वाहून नेण्याची मर्यादाही फार मोठी नसते. बहुतेक लहान गाड्यांत ती माणसे आणि सामान मिळून चारशे-साडेचारशे किलो. पाच प्रौढ माणसे बसली की त्यातले साडेतीनशे संपतात. उरलेल्या पन्नास-शंभर किलोंत डिकी आणि टप दोन्ही भागवायचे असतात. ‘छत दबले नाही ना, मग झाले’ हा समज येथे उपयोगाचा नाही. मर्यादा छताच्या पत्र्याच्या ताकदीसाठी नाही, गाडी वळताना आणि थांबताना कशी वागेल यासाठी आहे.

वळणाचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी समजलेला. गाडी कलंडण्याला किती विरोध करते, हे मोजायचे एक सोपे माप अमेरिकेची वाहतूक सुरक्षा संस्था २००१च्या मॉडेलांपासून वापरते. दोन चाकांमधल्या रुंदीच्या निम्मे घ्यायचे आणि त्याला गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचे. साध्या मोटारींत हा आकडा १.३ ते १.५ येतो, उंच गाड्यांत १ ते १.३. आता एक काल्पनिक एसयूव्ही घेऊ. माणसांसह वजन १,६०० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून ६८ सेंटिमीटरवर, चाकांमधली रुंदी दीड मीटर. आकडा येतो १.१. तिच्या टपावर शंभर किलो सामान ठेवले, ज्याचा मध्य जमिनीपासून १८५ सेंटिमीटरवर आहे. गुरुत्वमध्य सात सेंटिमीटर वर सरकतो आणि आकडा १ वर येतो. गाडीच्या वजनात भर पडली जेमतेम सहा टक्क्यांची, पण कलंडण्याला होणारा विरोध नऊ टक्क्यांनी घटला. शिवाय हे गणित गाडी ताठ धरून केलेले आहे. प्रत्यक्षात स्प्रिंगा दबतात, गाडी बाहेरच्या अंगाला झुकते, वर बांधलेले सामानही त्याच बाजूला सरकते.

सपाट रस्त्यावर गाडी एरवी उलटण्याआधी घसरते. ती उलटते बहुतेक वेळा चाक कशाला तरी अडखळल्यावर: खचलेली साइडपट्टी, दुभाजकाची कड, अर्धवट काँक्रीटच्या दोन थरांमधली पायरी. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि पुढची किमान बारा वर्षे चाकरमान्यांनी गणपतीला जाताना अशी अडखळण्याची ठिकाणे वाटेत मोजली. खेडजवळच्या भोस्ते घाटातले वळण किंवा चिपळूणच्या अलीकडचा परशुराम घाट उतरताना रात्रभर जागा असलेला चालक एका क्षणी स्टिअरिंग झटकन फिरवतो, आणि रिकाम्या गाडीने ज्या चुकीला माफ केले असते तिला टपावर लादलेली गाडी माफ करत नाही.

गाडी उलटली की आतल्या माणसांना होणाऱ्या इजा समोरासमोरच्या धडकेपेक्षा वेगळ्या असतात. छत खाली येते, डोके त्याला लागते आणि शरीराचा भार मानेवर पडतो. मानेचा मणका मोडून त्याखालचा मज्जारज्जू चेपला गेला तर हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. पट्टा न लावलेली व्यक्ती, विशेषतः मागच्या सीटवरची, गाडीत गरगर फिरते किंवा खिडकीतून बाहेर फेकली जाते. बाहेर फेकल्या गेलेल्या माणसाच्या जिवाचा धोका आत राहिलेल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. मांडीवर घेतलेल्या मुलाला तर धरून ठेवणे कोणत्याही आईच्या हाताच्या ताकदीबाहेरचे आहे.

पण टपावरच्या ओझ्याचा घोर नेहमी ते लादणाऱ्यालाच लागतो असे नाही. ताशी साठच्या वेगाने मागून येणारा दुचाकीस्वार सेकंदाला सोळा-सतरा मीटर पुढे येत असतो. समोर काही पडले हे डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जातो, म्हणजे पंचवीस मीटर. त्यानंतर थांबायला आणखी वीसेक मीटर. आपल्या रस्त्यांवर दोन वाहनांत पंधरा मीटरचे अंतरही कोणी ठेवत नाही. पुढच्या टपावरून खोके पडले तर त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: खोक्यावर जाणे किंवा हँडल वळवून शेजारच्या ट्रकखाली जाणे. ज्या गाडीवरून ते पडले ती अनेकदा पुढे निघून गेलेली असते. चालकाला काही पडल्याचे कळतही नाही, घरी पोहोचल्यावर एक बॅग कमी भरते एवढेच.

सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात असा जखमी आला की कागदावर तीन अक्षरे लिहिली जातात: आरटीए, म्हणजे रस्ता अपघात. दुचाकी घसरली, एवढी हकिकत नातेवाईक सांगतात. कशामुळे घसरली, ते विचारायला त्या घाईत कोणाला वेळ नसतो आणि सांगणारा बेशुद्ध असतो. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली. यांतले किती जण कोणाच्या तरी सैल दोरीमुळे गेले, हे अशा कागदांतून कळणार नाही. ज्याची नोंद होत नाही त्यावर उपाय आखला जात नाही, हे वैद्यकात जितके खरे तितकेच रस्त्यावर.

दोरीविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण गणपतीचा प्रवास भर पावसात होतो. आपल्याकडे सर्रास मिळणारी नायलॉनची दोरी पाणी पिते, भिजली की ताणते आणि तिची ताकदही थोडी घटते. कोरडी असताना घट्ट बसलेली गाठ पनवेल सोडेपर्यंत सैल झालेली असते. पुठ्ठ्याचे खोके भिजून बसते, त्याची उंची दोन-तीन बोटांनी कमी होते, आणि दोरी जागीच असूनही सामान मोकळे होते. पॉलिएस्टरचा रुंद पट्टा, ज्याला ओढून घट्ट करायची चकती किंवा रॅचेट असते, तो ओला होऊन फारसा ताणत नाही. किमान दोन पट्टे आडवे आणि त्यांखेरीज पुढे-मागे ओढ धरणारी एक जोडी, एवढे तरी हवे. कॅरिअरच्या जाळीला पट्टा बांधून भागत नाही. कॅरिअरच गाडीपासून सुटला तर सामान त्याच्यासकट जाते. ताडपत्री सामानाखालून वर गुंडाळून घ्यावी. नुसती वरून पांघरली तर तिचे शीड होते. वीस-तीस किलोमीटर गेल्यावर एकदा थांबून सगळे पुन्हा आवळायचे. ट्रकचालक हे न सांगता करतात. मोटारवाले चहाला थांबतात, पण वर पाहत नाहीत.

दोन्ही टोकांना लोखंडी हूक असलेली रंगीत इलॅस्टिकची दोरी हा वेगळाच धोका आहे. ती लावायला सोपी, म्हणून प्रत्येक गाडीत असते. ती सामान धरून ठेवत नाही, सामानाबरोबर ताणते. आणि ताणताना हूक निसटला तर तो गोफणीसारखा परत येतो, बहुधा ओढणाऱ्याच्या चेहऱ्यावर. डोळ्यांच्या डॉक्टरांना या इजा चांगल्या परिचयाच्या आहेत: बुबुळासमोर रक्त साकळणे, भिंग सरकणे, पडदा फाटणे. वर्षांनंतर त्याच डोळ्यात काचबिंदू होऊ शकतो. असा फटका बसल्यावर लगेच स्पष्ट दिसत असले तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. डोळा चोळू नये, दाबून बांधू नये. टायरवर उभे राहून पोते डोक्यावर उचलताना पाय घसरून टाचेचे हाड किंवा मनगट मोडलेले लोकही रुग्णालयात येतात. प्रवास सुरू होण्याआधीच तो संपतो.

कायदा या बाबतीत मुका नाही. मोटार वाहन कायद्यातील कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने स्वतंत्र तरतूद घातली गेली: सामान गाडीच्या बाजूंना, पुढे, मागे किंवा उंचीला परवानगीच्या बाहेर गेले तर वीस हजार रुपये दंड, शिवाय ते उतरवून घेण्याचा खर्च. कलम १२३ तर टपावर माणसाने बसण्यालाच मनाई करते. पश्चिम महाराष्ट्रातले वडाप किंवा मराठवाड्यातली काळी-पिवळी जीप आठवडी बाजाराच्या दिवशी पाहिली की ही मनाई कागदावर किती निवांत पडून आहे ते कळते. आत बारा, मागे लटकलेले तीन, आणि टपावर पोत्यांच्या मध्ये पाच-सहा पोरे. सत्तर-ऐंशी किलोंच्या मर्यादेच्या छतावर तीनशे किलोंची जिवंत माणसे असतात आणि त्यांना धरायला असते फक्त कॅरिअरची कड. खाली झुकलेली झाडाची फांदी किंवा लोंबकळणारी वीजवाहिनी त्यांच्या गळ्याच्या उंचीवरच असते. त्यांना दंड करून भागणार नाही, कारण ती हौसेने वर बसलेली नसतात. संध्याकाळी गावाकडे जाणारी एसटी नसते, म्हणून बसतात. हा प्रश्न आरटीओचा जितका तितकाच बसफेरीचा आहे.

मोटारवाल्यांच्या बाबतीत अशी सबब नाही आणि उपायही अवघड नाही. गणेशोत्सवात राज्य सरकार कोकणात जाणाऱ्या गाड्यांना पथकरमाफीचे पास देते. ते आरटीओ आणि पोलीस ठाण्यांतून घ्यावे लागतात. त्या पासबरोबर मराठीत एक पान द्यावे: टपावर किती, डिकीत काय, पट्टा कसा. महामार्गावर ठिकठिकाणी सुविधा केंद्रे उभी राहतात, तेथे चहा आणि प्रथमोपचार मिळतो. तेथेच एका गृहरक्षकाने प्रत्येक लादलेल्या गाडीच्या दोऱ्या तपासल्या तर एका गाडीला पाच मिनिटेही लागणार नाहीत. गाडी बनवणाऱ्यांनी छताच्या मर्यादेचा आकडा इंग्रजी पुस्तिकेच्या आतल्या पानावर न ठेवता, टायरमधल्या हवेचा आकडा जसा दाराच्या खांबावर चिकटवतात तसा तेथेच चिकटवावा. दांडे शोभेचे असतील तर तेही तेथेच लिहावे. शोभेच्या दांड्यांची जाहिरात मात्र डोंगरदऱ्यांत, सामान लादून केली जाते, हे थांबायला हवे.

आणि अपघात झालाच, तर पहिली काही मिनिटे आसपासच्या माणसांच्या हातात असतात. १०८ ला फोन करावा. उलटलेल्या गाडीतून जखमीला हातपाय धरून ओढू नये. आग किंवा पाण्याचा धोका नसेल तर डोके आणि मान धडाच्या रेषेत दोन्ही हातांनी स्थिर धरून बसावे. दुचाकीस्वाराचा श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट घाईने काढू नये. टपावरून निसटलेली सळी किंवा पाइप शरीरात घुसला असेल तर तो उपटू नये, कारण तोच आतल्या फाटलेल्या रक्तवाहिनीचा बूच असतो. आजूबाजूला कापड दाबून तो हलणार नाही असे करावे आणि तसेच रुग्णालयात न्यावे. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची किंवा पोलीस ठाण्यात बसून राहण्याची सक्ती करता येत नाही. कायद्यातले कलम १३४-अ त्याला संरक्षण देते.

गौरी-गणपतीचे विसर्जन झाल्यावर त्याच गाड्या परत फिरतात, आणि तेव्हा टप जाताना होता त्याहून जड असतो. गादी गावाला राहते, तिच्या जागी येतात घरचे तांदूळ, भोपळे, काकड्या, शहाळी आणि सोललेल्या नारळांचे पोते. हे सामान गुळगुळीत आणि गोल, पोत्यात आतल्या आत घरंगळणारे. त्याची जागा डिकीत, तळाला, मागच्या सीटच्या पाठीला टेकून. सीटच्या पाठीपेक्षा उंच रचू नये, नाहीतर ब्रेक दाबताच ते मागे बसलेल्यांच्या मानेवर येते. टपावर कपड्यांच्या बॅगा जाव्यात. डिकीत जे मावणार नाही, त्यातले थोडे पार्सलने पाठवता येते आणि थोडे गावच्या माळ्यावर पुढच्या खेपेसाठी ठेवता येते.